नारिंगी झगा, भरलं ताट

३ ऑक्टोबर १९५९, नॅशव्हिल

बस निघायच्या आधी आमच्या फिरत्या फॅशन शोच्या मालकीण रेनफ्रोबाईंनी आम्हा आठही जणींना फुटपाथवर उभं केलं आणि बातमी दिली. न्यूयॉर्कच्या लॉरिमर फॅशन हाउसला आपल्यातली एक मुलगी हवी आहे. त्यांच्या दालनात मुली नवे कपडे घालून बड्या गिऱ्हाइकांपुढे चालतात आणि आजवर तिथे एकही काळी मुलगी चाललेली नाही. त्यांच्या कुणी मिस प्रुइट पंचवीस तारखेला अटलांटाच्या शोला येणार, आम्हाला बघणार आणि एकीला उचलणार. एकीलाच.

आठही जणींचे हात आपापल्या कमरेवर गेले. मला हसू फुटलं. "व्हर्लीन टिसडेल, हसण्यासारखं काय झालं?" बाईंनी विचारलं. काही नाही म्हटलं आणि खाली पाहिलं तर माझाही हात तिथेच होता.

ती जागा माझी आहे. हे कुणाला सांगायची सोय नाही म्हणून इथे लिहून ठेवते. नारिंगी झगा माझ्याकडे आहे. बाई पॅरिसला कपडे घ्यायला गेल्या तेव्हा तिथली विक्रेती त्यांच्यापुढे राखाडी आणि तपकिरी कपडे मांडत राहिली म्हणे. बाईंनी बोट केलं ते थेट कोपऱ्यातल्या नारिंगीकडे. आमच्या मुलींच्या अंगावर हा कसा दिसेल ते तुम्हाला ठाऊक नाही, असं म्हणून घेऊन आल्या. मला तर लहानपणापासून आईने सांगितलेलं, तुझ्या रंगाला गडद निळं बरं, फार तर तपकिरी. आठ जणींत सगळ्यात काळी मीच. तो झगा घालून पहिल्यांदा आरशापुढे उभी राहिले तेव्हा वाटलं, एवढी वर्षं मला कुणीतरी फसवत होतं.

एकच भानगड आहे. झगा मण्यांनी भरलेला आहे, शिवणींवरसुद्धा मणी. उसवता येत नाही, सैल करता येत नाही. कंबर तेवीस इंच म्हणजे तेवीस. बाईंचा नियम साधा आहे: जिला झगा बसेनासा झाला तिचा झगा दुसरीला आणि ती स्वतः घरी.

६ ऑक्टोबर, मेम्फिस

हॉटेलं आम्हाला घेत नाहीत, त्यामुळे गावोगावच्या महिला मंडळाच्या बायका आम्हाला दोघी-दोघी करून घरी ठेवून घेतात. डेलोरेस किंब्रो आणि मी कायम एकत्र. ठेवून घेतात म्हणजे नुसती झोपायची सोय नाही. खाऊ घालतात. समोर बसून, हातात डाव धरून खाऊ घालतात. कोंबडी, चवळी, भेंडी, डुकराच्या हाडावर शिजवलेली पालेभाजी, लोण्याने निथळणारा मक्याचा पाव. वर रताळ्याचं गोड. नको म्हटलं की तोंड उतरतं, थोडंच द्या म्हटलं की त्यांना ती थट्टा वाटते.

आज यजमानीणबाई डेलोरेसकडे बघून म्हणाल्या, "ही बघ कशी जेवते. आणि तू? चिमणीसुद्धा तुझ्याहून जास्त खाते गं." डेलोरेस खरोखरच कशी जेवते! बोटं चाटते, परत मागते, कृती विचारते आणि तिची कंबर मात्र आहे तिथेच. देवाने कुणाकुणावर काय उधळावं याला काही हिशेबच नाही.

मी एक युक्ती काढली आहे. माझ्या मोठ्या पर्सला आतून मेणकापडाचं अस्तर लावलंय. पर्स मांडीवर ठेवायची, त्यावर रुमाल. यजमानीण चुलीकडे वळली की ताटातलं मांडीवर. सकाळी कुठेतरी टाकून द्यायचं. आता सरावले. डेलोरेसने आज पाहिलं. खोलीत आल्यावर म्हणाली, "अगं, निदान चव तरी घे." मी म्हटलं, चव कमरेला लागते.

तिला कळायचं नाही. तिचा बाप टपाल खात्यात आहे. माझी आई आमच्या गॅरी गावात पोलाद कारखान्याच्या साहेबाकडे स्वयंपाकाला होती. संध्याकाळी घरी आली की केसांना कांद्याचा वास आणि पाय सुजलेले. दुसऱ्यांच्या ताटांकडे बघण्यात तिचं आयुष्य गेलं. मी ठरवलं होतं की आपल्याकडे लोकांनी बघायचं. मग त्यासाठी उपाशी राहावं लागलं तर राहीन. एवढा निग्रह कुणाकडे असतो?

१० ऑक्टोबर, बसमध्ये, मेरिडियन सोडल्यावर

कालचा शो आजवरचा सगळ्यात चांगला. मिसिसिपीतल्या शाळेचा हॉल, खुर्च्या कमी पडल्या म्हणून लोक खिडक्यांत बसलेले. मी नारिंगीत बाहेर आले आणि मागून कुणी म्हातारा ओरडला, "हळू चाल गं पोरी, डोळे भरून बघू दे." सगळा हॉल "बघू दे, बघू दे" म्हणायला लागला. मी रॅम्पच्या टोकाला थांबले, वळले, आणि लोकांनी जो आवाज केला त्याने अंगावरचे मणी हलले. मिस प्रुइट काल तिथे असती तर अटलांटाची गरजच नव्हती.

उतरलो होतो मदर ओला टार्पलींकडे. सत्तरीच्या, विधवा, चर्चमध्ये पांढरे कपडे घालून पहिल्या बाकावर बसणाऱ्या; अशा वडीलधाऱ्या बायकांना सगळे मदर म्हणतात. आपली खाट त्यांनी आम्हाला दिली आणि स्वतः स्वयंपाकघरात गोधडीवर झोपल्या. आदल्या दिवसापासून रांधत होत्या म्हणे. कोंबडी आमच्यासाठीच कापली होती. जेवताना समोर बसल्या आणि स्वतः काही न खाता नुसत्या बघत राहिल्या. मला विचारलं, "ते नारिंगी तू घालतेस ना? अंगाला कसं लागतं गं?" मी म्हटलं, जड लागतं. तेवढ्यावर खूश झाल्या, जड, जड, असं दोनदा पुटपुटल्या. मग चहाची किटली आणायला उठल्या आणि माझं काम झालं.

सकाळी पर्स खुराड्यामागे रिकामी केली. कोंबड्या धावल्या. कोंबडीचंच मांस होतं ते, मला जरा कसंतरीच झालं.

निघताना मदर टार्पलींनी डेलोरेसच्या हातात बुटांच्या खोक्यात बांधलेला डबा दिला. मला दिला नाही. दुसरा होता, खिडकीत ठेवलेला दिसला मला. विसरल्या असतील, वय झालंय. मी मनात म्हटलं, बरंच झालं, टाकायची एक खेप वाचली. डेलोरेस मात्र बसमध्ये आपला डबा मांडीवर घेऊन बसली आहे, उघडतही नाही आणि माझ्याशी बोलतही नाही.

१४ ऑक्टोबर, माँटगोमेरी

शेवटी एक समजूतदार बाई भेटली! इथल्या यजमानीण मिसेस क्रेनशॉ यांनी डेलोरेसपुढे डोंगर रचला आणि माझ्यापुढे एक टोस्ट, कोरा चहा. म्हणाल्या, "तुमचं पोट नाजूक आहे असं कळलं, मिस टिसडेल." कुणी कळवलं कोण जाणे, या मंडळाच्या बायकांचे फोन सारखे एकमेकींना चालू असतात. पण कळवणारीचं भलं होवो. कपाची बशी सोनेरी काठाची होती. मला स्वतंत्र खोली, इस्त्री केलेल्या चादरी. पोरी, बाळा, असलं काही नाही, सारखं "मिस टिसडेल". पहिल्यांदाच कुणी मला नीट वागवलं.

शो मात्र पडला. म्हणजे माझा भाग पडला. डेलोरेसच्या साध्या करड्या सूटला लोक हसले, बोलले, टाळ्या वाजवल्या. मी बाहेर आले आणि हॉल गप्प. पहिल्या रांगेतल्या बायका मांडीवर हात ठेवून बसल्या होत्या, पांढरे हातमोजे एकावर एक. टोकाला जाऊन मी नेहमीसारखी थांबले. आपल्या लोकांपुढे चालताना टोकाला थांबायचं असतं, कारण तिथे हॉल काहीतरी म्हणतो आणि मग आपण वळतो. काही आलंच नाही. मी थांबले ती थांबलेच. शेवटी बँडवाल्याने ढोल वाजवला म्हणून सुटले.

दिव्यांची गडबड असणार. पिवळे दिवे होते, त्यात नारिंगी मरतो.

१७ ऑक्टोबर, कोलंबस, जॉर्जिया

दिवे पांढरे होते. तरीही तेच.

यजमानीणबाईंनी सूप दिलं, पाण्यासारखं, आणि दोन बिस्किटं. इथेही मिस टिसडेल. मला बाहेरच्या खोलीत एकटीला वाढलं आणि स्वयंपाकघरात डेलोरेस त्यांच्या मुलींबरोबर खिदळत होती. त्यांचं हसणं बंद दारामागून ऐकू येत होतं. भूक लागली होती, आणि दुसरंही काहीतरी होतं, ते नेमकं काय ते कळलं नाही.

रॅम्पवर मी आज कसरत केली. खांदा टाकला, मान फिरवली, हसले. पुन्हा हातमोजे मांडीवर. एक बाई तर चक्क छताकडे बघत होती. गोऱ्यांनी असं बघितलं तर आपण तयार असतो, लहानपणापासून कातडी तशी झालेली असते. आपल्याच लोकांनी बघितलं की कुठे बघावं ते कळत नाही. मी शेवटी त्यांच्याकडे बघायचंच सोडलं. मागच्या भिंतीवरच्या एका खिळ्याकडे बघत चालले, मनात स्वतःच ठेका धरून. थांबायचं तिथे थांबले, पण वाट बघायला नाही. एक श्वास आत, एक बाहेर, मग वळायचं. निदान पडले नाही.

माझा संशय डेलोरेसवर आहे. लॉरिमरची जागा तिलाही हवी आहे. पुढच्या गावाला फोन कोण करतं? स्वयंपाकघरात कोण बसतं? मी तिला सरळ विचारलं, माझ्याबद्दल काय सांगत फिरतेस. तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी तिच्या थोबाडीत मारली. "मी तुझ्याबद्दल काहीच सांगितलेलं नाही, व्हर्लीन," ती म्हणाली. "विचारलं तरी सांगितलं नाही." आणि पाठ करून झोपली.

विचारलं? काय विचारलं?

२१ ऑक्टोबर, मेकन

रेनफ्रोबाईंनी सकाळी बोलावून घेतलं. अटलांटात नारिंगी डेलोरेसने घालावा असा त्यांचा विचार आहे. मी म्हटलं, बाई, झगा मला बसतो, अर्ध्या इंचाने सैलच आहे आता. म्हणाल्या, "झगा बसतो गं. पण तू आलीस की हॉल विझतो. मिस प्रुइटला मी विझलेला हॉल दाखवू?" कारण विचारलं तर म्हणाल्या, ते मला विचारू नकोस, ज्यांच्या घरी राहतेस त्यांना विचार. बाईंना सगळं ठाऊक होतं. नवल म्हणजे मला रागावल्या नाहीत. त्या माझ्या वयाच्या असताना काय खात होत्या कोण जाणे.

इथल्या यजमानीण मिसेस गेदर शाळामास्तरीण आहेत. त्यांनी माझ्यापुढे चहा ठेवला तेव्हा मी विचारलंच. त्यांनी आधी हात पुसले आणि समोर बसल्या.

"ओला टार्पलीने तिच्या कोंबड्यांना काय खाताना पाहिलं ते ठाऊक आहे तुला?"

मी कप बशीत ठेवला.

"तिने कुणाला वाईट नाही सांगितलं हं. माझ्या पुतणीला फोनवर एवढंच म्हणाली, त्या मुलीला आपलं जेवण जात नाही, तिला जबरदस्ती करू नका. आणि रडली. बाकीचं बायकांनी आपापलं समजून घेतलं."

मी माझी बाजू मांडली. कंबर, मणी, लॉरिमर, सगळं. आवाजही चढला माझा. म्हटलं, तुम्ही खाऊ घालता आणि झगा बसला नाही तर घरी मी जाते, तुम्ही नाही.

त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "बरोबर आहे तुझं. खायचं नव्हतं तर तोंडाने सांगायचं होतंस. ओला रुसली असती, तासाभराने हसली असती. पण तू तिच्या समोर बसून जेवल्याचं सोंग केलंस, आणि ताट नेऊन कोंबड्यांपुढे टाकलंस." त्यांनी टेबलावर हात टेकवला. "हे बघ पोरी. तो झगा या जन्मी आमच्या अंगावर चढायचा नाही. दुकानात आम्हाला टोपीसुद्धा डोक्यावर घालून बघू देत नाहीत. पण जी तो घालून चालते, ती दुपारी माझ्या टेबलावर जेवलेली असते. कापड पॅरिसचं असेल, आतलं अंग माझ्या चवळीवर उभं असतं. मग तू चालतेस तेव्हा थोडी मीही चालते. एवढंच आमच्या वाट्याला येतं त्या शोमधलं. ते तू ओलाच्या हातून काढून घेतलंस."

किती दिवसांनी मला कुणी पोरी म्हटलं होतं. मला रडू यायला लागलं म्हणून मी उठून अंगणात गेले. तिथून परत येऊन जेवायला मागायला हवं होतं. मागितलं नाही. अटलांटाला चार दिवस राहिलेत आणि झगा अजून माझाच आहे.

२४ ऑक्टोबर, अटलांटा

डोक्यात तेच तेच फिरतंय. जेवले तर झगा बसणार नाही. नाही जेवले तर हॉल विझणार. मिस प्रुइट काय बघेल, कंबर की हॉल? जो विचार करते तो स्वतःपुरताच करते हेही मला दिसतंय. मदर टार्पली रडल्या ते आठवलं की पर्स नजरेआड सरकवते, पण त्याच्या मागोमाग लॉरिमरचं दालन डोळ्यांपुढे येतं. दोन्ही खरं आहे.

बाई शेवटी म्हणाल्या, उद्याचा दिवस तुला दिला. नारिंगी तूच घाल.

२६ ऑक्टोबर, अटलांटा

काल रविवार. प्रार्थनेनंतर चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये बायकांनी आम्हा सगळ्यांना जेवण ठेवलं होतं आणि शो त्यानंतर वर. लांब टेबलामागे मदर स्पाइव्ही डाव घेऊन उभ्या होत्या, दाराएवढ्या रुंद, डोक्यावर पांढरी टोपी. माझ्यासाठी टेबलाच्या टोकाला चहा आणि टोस्ट वेगळा मांडून ठेवलेला दिसला. अगदी छान, रुमाल वगैरे घालून. तो बघितला आणि माझ्याच्याने तिकडे जाववेना. दुसऱ्यांच्या रांगेत जाऊन ताट पुढे केलं.

"तुमचं पोट नाजूक आहे ना, मिस टिसडेल?" मदर स्पाइव्ही म्हणाल्या. मोठ्याने.

"पोट चांगलं आहे, मदर. वागणं वाईट होतं."

त्यांनी माझ्या तोंडाकडे बघत वाढायला सुरुवात केली. कोंबडीची तंगडी, तिच्यावर दुसरी. चवळी. भेंडी. मक्याच्या पावाचा चौकोन, माझ्या तळहाताएवढा. पुरे म्हणेन म्हणून थांबत होत्या, मी म्हटलं नाही. मग भिंतीकडच्या बाकावर बसले, पर्स जमिनीवर ठेवली, सगळ्यांना दिसेल अशी, आणि जेवले. खरं सांगायचं तर पहिले दोन-तीन घास त्यांना दाखवायला खाल्ले. पुढचं मला आठवतसुद्धा नाही, इतकी भूक होती मला. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि हात तेलकट झालेले, त्यामुळे पुसताही येईना. ताट संपल्यावर उठून पुन्हा रांगेत उभी राहिले. मदर स्पाइव्हींनी पुन्हा वाढलं.

वर गेल्यावर झगा बसला नाही. पाठीवर दोन बोटांची फट राहिली, कमरेपासून वर. बाईंनी ओढलं, मी श्वास सोडला, आणखी ओढलं. एक मणी तुटून उडाला. बाई म्हणाल्या, "काढ. डेलोरेसला दे." मी काढायला हातही लावला. ओरडावं, भांडावं असं काही वाटलं नाही.

डेलोरेस सूट घालून तयार होती. म्हणाली, "माझा नंबर तिच्या आधी आहे, बाई. दोनदा कपडे बदलायला वेळ कुठे आहे?" वेळ होता. मधे सहा मुली होत्या. बाईंनी तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि तोंडात सेफ्टी पिना धरल्या. फट पिनांनी सांधली, वरून शाल टाकली आणि म्हणाल्या, "समोर बघत जा, तशीच मागे मागे ये. वळू नकोस. तिसऱ्या रांगेत बसली आहे ती, निळी टोपी. वळलीस तर उद्या गॅरीची बस."

मी बाहेर आले. बायका पहिल्या रांगांत, हातमोजे मांडीवर. मदर स्पाइव्ही मधोमध. निळी टोपी दिसली, तिच्या मांडीवर वही होती. मी टोकाला पोचले आणि थांबले. हॉल गप्पच, पण माँटगोमेरीसारखा गप्प नव्हता. त्या माझ्याकडे बघत होत्या, वाट बघत होत्या. मी मागे सरकणार होते, बाईंना शब्द दिला होता. पण असं वाटलं की आता पाठ लपवून गेले तर तेही पर्समध्ये टाकल्यासारखंच होईल. शाल हातावर घेतली आणि वळले.

पाठीवर फट, फटीतून अंतर्वस्त्र, पिनांची रांग. तो सबंध क्षण मी उघड्या पाठीने उभी होते आणि मला वाटलं, संपलं.

मग मागून मदर स्पाइव्हींचा आवाज आला. ओरडल्या नाहीत, प्रार्थनेत म्हणतात तसं म्हणाल्या, "जेवलीय पोरगी."

"जेवलीय!" दुसरी म्हणाली.

"पोटभर जेवलीय!"

आणि सगळा हॉल उठला. बायका टोप्या सांभाळत हसत होत्या, पाय आपटत होत्या, एक जण रॅम्पच्या फळीवर हाताने ठेका धरत होती. मी पुन्हा पुढे वळले, पुन्हा पाठ दाखवली, त्यांनी पुन्हा म्हटलं. माझ्या आयुष्यात मी इतकी चांगली कधी चालले नाही आणि कदाचित चालणारही नाही. निळी टोपी आजूबाजूला बघत होती, काय झालं ते कुणीतरी सांगावं म्हणून. शेजारच्या बाईने तिला सांगितलंही असावं. तिने वहीत काहीतरी लिहिलं.

२८ ऑक्टोबर, अटलांटा

मिस प्रुइटने डेलोरेसला घेतलं. करड्या सूटमध्ये ती नेटकी चालली, असं म्हणाली. माझ्याबद्दल म्हणे, छाप छान पाडते पण कपड्याची शिस्त नाही. यात खोटं काही नाही.

मला वाईट वाटलं असं लिहिणं अपुरं आहे. मी न्हाणीघरात नळ सोडून रडले, डेलोरेसला शिव्या दिल्या, मदर स्पाइव्हीच्या चवळीलाही दिल्या. रविवारचा तो हॉल पुन्हा मिळाला असता तर पुन्हा वळले असते का? काल म्हटलं असतं, नाही. आज सकाळी वाटतं, वळले असते. उद्याचं माहीत नाही. बाईंनी गॅरीच्या बसचा विषय काढला नाही. नाश्त्याला माझ्या ताटात एक अंडं जास्त पडलं ते कुणी वाढलं ते मी पाहिलं नाही.

डेलोरेस आज दुपारच्या गाडीने जायची. सकाळी माझ्या खाटेच्या कडेला येऊन बसली. आनंदात असेल म्हणून मी तोंड फिरवलं, पण तिचे हात गार पडले होते. म्हणाली, मिस प्रुइटने सांगितलंय, तिथे टाळ्या वाजवत नाहीत. गिऱ्हाइकं बसलेली असतात, पेन्सिलीने लिहितात, कधी बघतात, कधी बघतही नाहीत. आणि तिथे आपलं कुणीच नसणार.

"मी आजवर गप्प हॉलमध्ये चाललेच नाही गं," ती म्हणाली. "टोकाला जाऊन काय करू? कुणी काही म्हटलं नाही तर वळू कशी? तू त्या गावांत कशी चाललीस?"

मला वाटलं, हेच तेवढं माझ्याकडे आहे आणि तेही ही मागते आहे. नाही म्हणावंसं वाटलं. तिने मदर टार्पलींपासून माझ्याबद्दल कधी चकार शब्द काढला नव्हता आणि रविवारी मधे सहा मुली असूनही वेळ नाही म्हणून झगा माझ्याकडेच राहू दिला होता, ते आठवलं. म्हटलं, चल.

चर्चचा वरचा हॉल रिकामा होता. खुर्च्या तशाच मांडलेल्या, रॅम्पच्या फळ्या काढायला दुपारी माणसं यायची होती. मी पहिल्या रांगेत मधोमध बसले, मांडीवर एकावर एक हात ठेवले आणि म्हटलं, चाल.

ती आली, टोकाला थांबली आणि माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. ती तशीच उभी राहिली, मग हसली, मग हसणं गळालं. "काहीतरी म्हण ना," ती म्हणाली. मी म्हटलं, "परत जा. पुन्हा ये." दुसऱ्यांदा तिचा पाय अडखळला. तिसऱ्यांदा रडायलाच लागली, म्हणाली, तू मुद्दाम करतेस. थोडं मुद्दाम होतंही, लपवून काय करायचं. पण मी सांगितलं, भिंतीवर एखादी वस्तू धर, तिच्याकडे बघ. ठेका आतून धर. टोकाला एक श्वास आत, एक बाहेर, मग वळ. माझ्या तोंडावर काही शोधू नकोस, इथे तुला काही मिळणार नाही.

पुन्हा. पुन्हा. माझ्या मांडीवरच्या हातांना मुंग्या आल्या. एकदा ती इतकी सुंदर वळली की माझ्या तोंडातून शब्द निघत होता, तो मी दातांखाली धरला. तिला तो ऐकू गेला असता तर सगळं फुकट गेलं असतं.

शेवटी ती आली तेव्हा मी होते की नव्हते हे तिच्या गावीही नव्हतं. टोकाला थांबली, श्वास घेतला, सोडला, वळली आणि सरळ पडद्यामागे निघून गेली. रिकाम्या रॅम्पकडे बघत मी बसून राहिले. ती पडद्यामागून म्हणाली, "आता ठीक होतं का?"

मी हात मांडीवर तसेच ठेवले आणि काहीच बोलले नाही. तिने पुन्हा विचारलं नाही.